खड्डे मागाहून बुजवा, आधी मोऱ्या मोकळ्या करा

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याच्या मोऱ्या (रस्त्याखालून पाणी जाण्याच्या वाटा) आणि साइडपट्ट्या (डांबराच्या दोन्ही कडांच्या पट्ट्या).

महोदय, स.न.वि.वि.

धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ ही गावं सुरत-नागपूर महामार्गावर आहेत. चौपदरीकरणानंतर तिकडून येणारा पाहुणा ‘तुमच्याकडचे रस्ते सुधारले हो’ असं म्हणून जातो. हे पत्र तापीच्या उत्तर काठावरून लिहितो आहे. पाहुणे इकडे क्वचितच येतात.

रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार अशा तीन जिल्ह्यांतली ही गावं एकाच रस्त्यावर आहेत. आमचा दवाखाना, कोर्ट, कॉलेज, बाजार, सोयरीक, सगळं त्याच रस्त्यानं. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही त्याला राज्यमार्ग म्हणत आलो, मध्यंतरी राष्ट्रीय महामार्गाच्या घोषणाही ऐकल्या. दर्जा काय द्यायचा ते आपण आणि दिल्लीनं ठरवावं. तोवर पावसाळा थांबत नाही.

मुद्दा पाण्याचा आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि रस्ता पूर्व-पश्चिम. सुकी, मोर, अनेर, गोमाई या नद्या आणि बिननावाचे असंख्य नाले डोंगरातून उतरून या रस्त्याला आडवे येतात. नद्यांवर पूल आहेत, पण नाल्यांचा भार छोट्या मोऱ्यांवर. त्या गाळानं, प्लास्टिकनं आणि केळीच्या खांबांनी तुंबलेल्या (खांब कोणी टाकले ते तूर्त सोडा). पाणी रस्त्याच्या कडेला साचतं आणि खालच्या काळ्या मातीत मुरतं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वर डांबर कितीही चांगलं ओता, खालची जमीनच हलते. आधी कड ढासळते, मग खड्डा पडतो. दिवाळीच्या सुमारास गिट्टी-डांबराचं ठिगळ लागतं, बिल निघतं, आणि आषाढात ठिगळासकट खड्डा परत हजर.

साइडपट्टीची कथा निराळी नाही. मुरूम टाकायचा तिथं शेजारची काळी मातीच ओढून दाबतात. दोन सरी झाल्या की तिचा चिखल होतो, डांबराची कड वीतभर उंच राहते आणि समोरून ट्रक आला की मोटारसायकलवाल्याला खाली उतरता येत नाही. चोपड्याकडच्या एका टेम्पोवाल्याला ‘जरा साइड दे’ म्हटलं, तर म्हणाला, ‘साइड कोठे देऊ भाऊ, आठे साइडच नही शे!’

आता केळीचं. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सत्कार झाले, छान झालं. पण केळी हिरवी कापली जाते. ट्रकमध्ये पाला अंथरून घडावर घड रचतात. प्रत्येक आदळ्याला घड घडावर घासतो. त्या वेळी सालीवर काहीच दिसत नाही. माल उत्तरेकडच्या मंडीत पोचून पिकायला लागला की तोच घासलेला भाग काळा पडतो आणि व्यापारी पुढच्या गाडीचा भाव पाडतो. रस्त्यामुळे किती भाव गेला याची नोंद कुठल्याच सरकारी दप्तरात होत नाही. अपघाताचा निदान पंचनामा तरी होतो.

नवा रस्ता मागत नाही. मे महिना संपायच्या आत मोऱ्या उपसाव्यात आणि उपसल्याचं अभियंत्यानं जागेवर उभं राहून सही करून द्यावं. साइडपट्टी मुरमाची करावी. डांबर त्यानंतर. प्रत्येक कामावर ठेकेदाराचं नाव, काम संपल्याची तारीख आणि दोषदायित्व कधी संपतं याचा फलक लावावा, तोही मराठीत आणि वाचता येईल एवढ्या अक्षरांत. दोषदायित्वाच्या मुदतीत पडलेला खड्डा ठेकेदारानं स्वखर्चानं बुजवायचा असतो, हे इथं फारच थोड्यांना माहीत आहे. फलक लागला तर लोकच विचारतील, आपल्या खात्याचे कष्टही वाचतील.

रस्ता एका यंत्रणेकडून दुसरीकडे जाणार असेल, तर हस्तांतराच्या मधल्या काळात देखभाल कोणाची, याचाही लेखी आदेश हवा. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं की आमचा एक पावसाळा जातो.

उत्तर एका ओळीचं चालेल : येत्या पावसाळ्याआधी यावल ते शिरपूर पट्ट्यातल्या मोऱ्या कोणता अभियंता साफ करून घेणार आहे?

आपला,
चोपडा तालुक्यातील एक केळी उत्पादक