पायांच्या फुगलेल्या शिरा : जखम होण्याआधी उपचार हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इचलकरंजीत परिचारिका म्हणून काम करताना मी सर्वांत जास्त ड्रेसिंग केले असेल, तर ते घोट्याच्या आतल्या बाजूला होणाऱ्या जखमेचे. आजूबाजूची कातडी काळपट आणि टणक, खाजवून खाजवून सोललेली, आणि मधोमध न भरणारी ओली जखम. माणूस बहुधा यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा. कधी कांड्या भरणारी बाई, कधी भट्टीपुढे उभा असलेला आचारी. "सिस्टर, शुगरची जखम आहे का?" हा पहिला प्रश्न. शुगर तपासली तर ठीक असे. पोटरीवर मात्र निळ्या-जांभळ्या, वळसे घेत गेलेल्या शिरा स्पष्ट दिसत. त्या कित्येक वर्षांपासून आहेत हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असे, पण ते दुखणे आहे असे कुणाला वाटलेले नसे.

पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात आणि ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. माणूस नुसता उभा असला की घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत असतो. चालायला लागला की तो ३०च्या आसपास उतरतो. म्हणजे झीज होते ती एका जागी उभे राहण्याने. जांघेजवळची झडप निकामी झाली की रक्त उलटे खाली येते, शिरा फुगतात, संध्याकाळी पाय भरून येतो, रात्री वांब येतात. पुढे कातडी काळी पडते आणि एखाद्या किरकोळ खरचटण्याची जखम होऊन बसते. अशा जखमेवर नुसती मलमपट्टी करणे म्हणजे गच्ची गळत असताना खोलीची भिंत रंगवत राहणे आहे.

लोक उपचार टाळतात त्यामागे ऑपरेशनची भीती असते. जांघेत चीर देऊन शीर बांधायची आणि मांडीतून ती ओढून काढायची, मणक्यात भूल, नंतर काही आठवडे घरी बसणे. रोजंदारीवरच्या माणसाने हे कसे करावे? त्या शस्त्रक्रियेला मी नावे ठेवत नाही, तिने अनेकांचे पाय बरे झालेले मी पाहिले आहेत. पण आता बहुतेकांना तिची गरज पडत नाही, आणि ही गोष्ट मागाच्या शेडपर्यंत पोहोचलेली नाही.

लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी उपचारात सोनोग्राफीवर पाहत गुडघ्याच्या आसपास सुईने शिरेत बारीक नळी घालतात आणि ती जांघेजवळ नेतात. शिरेच्या भोवती सलाइनमध्ये पातळ केलेले बधिरतेचे औषध टोचतात. त्याने दुखत नाही आणि आजूबाजूच्या कातडीला चटकाही बसत नाही. मग आतून उष्णता देऊन शीर बंद करतात. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या नेहमीच्या नळीत ही उष्णता १२० अंश सेल्सिअस असते आणि सात सेंटीमीटरचा एकेक टप्पा २० सेकंदांत होतो. रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. "शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?" असे सगळेच विचारतात. ते खोलवरच्या मोठ्या शिरांतून जाते, एरवीही बहुतेक रक्त तिथूनच जात असते.

वयस्कर किंवा हृदयाच्या रुग्णांसाठी फोमचा पर्याय आहे. पॉलिडोकॅनॉलसारखे औषध हवेत घुसळून त्याचा फेस सुईने शिरेत सोडतात. भूल लागत नाही, खर्चही कमी. मात्र शीर पुन्हा उघडण्याची आणि इंजेक्शन पुन्हा घ्यावे लागण्याची शक्यता जास्त. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत पाच वर्षांनंतर लेझर आणि शस्त्रक्रिया झालेल्यांची स्थिती फोम घेतलेल्यांपेक्षा चांगली आढळली, हे रुग्णाला आधीच सांगायला हवे. शीर चिकटवणारा ग्लूही आता मिळतो. त्याला सगळ्या शिरेभोवती सुया टोचाव्या लागत नाहीत, पण तो महाग आहे आणि काहींना त्याची ॲलर्जी होते. वर दिसणारे गुंते दोन-तीन मिलिमीटरच्या छिद्रांतून काढता येतात.

धोके यातही आहेत. पायाला मुंग्या येत राहणे, कातडीवर डाग, क्वचित खोल शिरेत गुठळी. म्हणूनच विजेच्या खांबांवर आणि रिक्षांच्या मागे झळकणाऱ्या 'अर्ध्या तासात कायमची सुटका' अशा पाट्यांची मला चीड येते. बंद केलेली शीर बरी झाली तरी दुसरी शीर पुढे फुगू शकते, 'कायमची' असा शब्द कुणी द्यायला नको. आणि रुग्णाला उभे करून पायाची कलर डॉपलर तपासणी, म्हणजे शिरांतला रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, केल्याशिवाय कोणताही उपचार ठरवू नये. कोणती झडप गळते, खोलवरच्या शिरा मोकळ्या आहेत का, हे त्यातूनच कळते. खोल शिरा तुंबलेल्या असताना वरची शीर बंद केली तर पाय आणखी सुजू शकतो. घट्ट मोजे किंवा पट्टी बांधण्याआधी पावलाची नाडी पाहणेही तितकेच महत्त्वाचे. तंबाखू-विडी ओढणाऱ्यांच्या आणि मधुमेहींच्या धमन्या अरुंद असतील तर घट्ट पट्टीने पावलाचा रक्तपुरवठा तुटतो.

जखम झालेल्यांनीही आशा सोडू नये. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात ४५० रुग्णांना पट्टी सगळ्यांनाच बांधली होती. त्यातल्या ज्यांच्या शिरांवर दोन आठवड्यांत उपचार झाला, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. ज्यांचा उपचार लांबवला, त्यांना त्यासाठी ८२ दिवस लागले. हातावर पोट असलेल्या माणसाला मधले २६ दिवस किती मोठे असतात हे वेगळे सांगायला नको.

माझी आरोग्य खात्याला विनंती आहे की उपजिल्हा रुग्णालयांत आठवड्यातून निदान एक दिवस पायाच्या शिरांची डॉपलर तपासणी ठेवावी आणि घोट्याजवळची कातडी काळी पडलेल्या प्रत्येक रुग्णाला तिथे पाठवावे. कामगार खात्यालाही एक सांगणे आहे. उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय हवी, हे १९४८च्या कारखाना कायद्याच्या कलम ४४मध्येच लिहिले होते. केरळने २०१८मध्ये आणि तामिळनाडूने २०२१मध्ये दुकानांतल्या कामगारांसाठीही तसा कायदा केला. साडीच्या दुकानात दिवसभर घड्या उलगडणाऱ्या आपल्याकडच्या मुलींनाही ते स्टूल मिळायला हवे. मालकांनी त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहायचे कारण नाही.

जाता जाता एक गोष्ट आवर्जून लिहिते, कारण त्यावाचून माणूस दगावू शकतो. घोट्याजवळची फुगलेली शीर कधी कधी अंघोळ करताना किंवा खाजवताना फुटते आणि रक्ताची धार लागते. घाबरून रुग्णाला खुर्चीवर बसवू नका, मांडीला फडकेही आवळू नका. त्याला तिथेच आडवे करा, पाय छातीपेक्षा उंच धरा आणि रक्त येते त्या जागी स्वच्छ कापडाने दहा-पंधरा मिनिटे दाबून ठेवा. मध्ये उघडून पाहू नका. रक्त थांबते. मग त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
इचलकरंजी