मजा येते म्हणून वाचलंत, तरीही आभार

काकू,

"आभार कसले मानतोस? मला मजा येते म्हणून वाचते," असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात, त्याला आता बारा वर्षं होतील. एम.ए.चा निकाल सांगायला फोन केला होता. घोकून ठेवलेली आभाराची दोन वाक्यं तोंडातच राहिली. त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय. आणि हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण तुम्हाला एकटीला लिहिलं तर तुम्ही पुन्हा तेच म्हणाल.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मला दिसत नाही. नीतिशास्त्राचा पेपर घेतला तेव्हा निम्मी पुस्तकं स्कॅन केलेली मिळाली, म्हणजे पानांचे नुसते फोटो. अशा पानापुढे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मुका होतो. काकू हिशेबतपासनीस, तत्त्वज्ञानाशी संबंध शून्य. ओळखीच्या ओळखीतून गाठ पडली आणि दोन वर्षं त्यांनी मोबाईलवर पुस्तकं वाचून पाठवली. एकूण २१४ फायली. मागे पंख्याची घरघर, पान उलटण्याआधी अंगठा ओला केल्याचा बारीक आवाज, आणि मिल या इंग्रज तत्त्वज्ञाच्या लांबलचक वाक्याच्या मध्यात "थांब रे, क्रियापद कुठं गेलं?"

बेंथम या इंग्रज तत्त्वज्ञापासून सुरुवात झाली. १७८९ सालचं पुस्तक. निसर्गाने माणसाला सुख आणि दुःख या दोन धन्यांच्या हाती दिलंय, हे त्याचं पहिलंच वाक्य. पुढे तो सुख मोजायला बसतो. किती तीव्र, किती टिकणारं, किती खात्रीचं, किती जवळचं, त्यातून आणखी सुख निघेल का, त्यात दुःखाची भेसळ किती, आणि ते किती जणांपर्यंत पोचेल. सातही मुद्दे तुम्ही खातेवहीतल्या नोंदींसारखे वाचलेत आणि शेवटी म्हणालात, "सगळं ठीक आहे, पण एकक कुठलं? माझं सुख आणि तुझं सुख एका रकान्यात लिहायचं तर दोन्ही एकाच मापात हवं ना." बेंथमवर पुढे जाडजाड पुस्तकं वाचली. आक्षेप हाच होता, फक्त पानं जास्त.

मिलने यातून वाट काढली ती सुखांत प्रतवारी लावून. समाधानी डुकरापेक्षा असमाधानी माणूस बरा, समाधानी मूर्खापेक्षा असमाधानी सॉक्रेटिस बरा. त्या फाईलमध्ये तुम्ही इतक्या हसलात की मोबाईल पडल्याचं ऐकू येतं. मग, "डुकराला विचारलं का कुणी?" मिल म्हणतो, डुकराला एकच बाजू ठाऊक असते, माणसाला दोन्ही; म्हणून निवाडा माणसाचा. "म्हणजे कविता आवडणारेच पंच," असं पुटपुटून तुम्ही पुढे वाचू लागलात.

मिलच्या आत्मचरित्रातला भाग मात्र तुम्ही एकही शेरा न मारता वाचलात. १८२६ची गोष्ट. विशीतला मिल स्वतःला विचारतो, जगात जे जे बदल व्हावेत असं मला वाटतं ते सगळे या क्षणी झाले, तर मी सुखी होईन का? आतून उत्तर येतं, नाही. लोकांचं सुख वाढवणं हेच ज्याचं ध्येय, त्याला त्यातून स्वतःला काहीच मिळणार नाही असं कळतं, आणि तो खचतो. कित्येक महिन्यांनी मार्मोंतेल नावाच्या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना, बाप गेल्यावर पोरगा घरच्यांना धीर देतो त्या प्रसंगाशी, त्याचे डोळे भरून येतात आणि ओझं हलकं होतं. इथे तुमचा आवाज थांबतो. नुसता पंखा ऐकू येतो. मीही तेव्हा विशीतच होतो आणि सकाळी उठायचं कशाला, हा प्रश्न मला पेपरातच पडायचा असं नाही. हे तुम्हाला मी कधी बोललो नव्हतो. त्या रात्री ती फाईल मी तीनदा ऐकली.

आता तुमच्या 'मजा येते'कडे येतो.

नॉझिक या अमेरिकी तत्त्वज्ञाचं अनुभव-यंत्र आठवतंय? १९७४च्या पुस्तकातलं. मेंदूला तारा जोडायच्या, हवा तो अनुभव मिळेल, आणि आपण यंत्रात आहोत हे कळणारसुद्धा नाही. मग जाल का आत? वाचून झाल्यावर तुम्ही फोन केलात. मी आगाऊपणे विचारलं, "काकू, तुम्ही रोज मला वाचून दाखवताय, छान वाचताय, असं आयुष्यभर वाटत राहील अशी जोडणी दिली तर? मजा तीच, घसा बसणार नाही." तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत. "आणि तुझा पेपर?"

मी हसलो आणि विसरलो. खूप नंतर बटलर वाचताना लक्षात आलं की तुम्ही काय बोलून गेला होतात. जोसेफ बटलर हा इंग्लंडमधला धर्मगुरू. त्याची प्रवचनं १७२६ साली छापली गेली. माणूस जे करतो ते स्वतःच्या सुखासाठीच करतो, असं म्हणणाऱ्यांना तो उलट विचारतो, की ते सुख येतं कुठून? दुसऱ्याचं भलं व्हावं असं आधी वाटत असेल, तरच ते झाल्यावर बरं वाटेल. ज्याला माझ्या पेपरचं सोयरसुतक नाही, त्याला रात्री मिल वाचून घसाच बसेल, मजा कुठली यायला! तुमची मजा माझ्या पेपराच्या मागून आलेली होती. तुम्ही हिशेबात ती आधी धरलीत. एवढी एक नोंद चुकलीत, काकू.

उलट टोकाला कर्तव्य म्हणून केलेल्या कृतीलाच नैतिक मोल देणाऱ्या कांट या जर्मन तत्त्वज्ञाची माणसं आहेत. त्यांचं ऐकलं तर आवडीने केलेल्या मदतीला नैतिक मोल उरतं का, अशीच शंका यावी. जर्मन कवी शिलरने याची टर उडवली होती: मित्रांना मदत करतो खरा, पण दुर्दैवाने आनंदाने करतो! मला ॲरिस्टॉटल जवळचा वाटतो. चांगलं काम करताना ज्याला आनंद होत नाही त्याला तो चांगला माणूस म्हणायलाच तयार नाही. दात-ओठ खाऊन वाचलेलं मी दोन वर्षं ऐकू शकलो नसतो, हेही आहेच.

म्हणून मी सुखवाद, म्हणजे शेवटी मोल सुखालाच हे मत, सोडला असं समजू नका. नॉझिकचं यंत्र स्वार्थी सुखवाद्याला अडवतं. बेंथम तर तुम्हाला यंत्राबाहेरच ठेवेल, कारण माझं सुखही त्याच्या बेरजेत आहे. आपल्याला सगळ्यांनाच यंत्रात बसवायचं झालं तर तो काय म्हणेल, तिथे मी अजून अडतो. पण एककाशिवायही त्याच्या एका तळटीपेसाठी मी त्याला बरंच माफ करतो. प्राण्यांना विचार करता येतो का, बोलता येतं का, हा प्रश्नच नाही, त्यांना दुःख होतं का हा आहे. अठराव्या शतकात असं लिहायला माणसाला खरोखर दुसऱ्याचं दुखावं लागतं.

असो. आभार, काकू. आता नाही म्हणता येणार नाही.

आणि हो, फाईल ८७मध्ये तुम्ही दोन पानं एकदम उलटलीत. ते हुकलेलं पान मला गेल्या महिन्यात ऐकायला मिळालं. तुमच्या पंचांवरचं मिलचं उत्तर नेमकं त्याच पानावर होतं: दोन्ही सुखं ठाऊक असलेल्यांत मतभेद झाले तर त्यांच्यातल्या बहुमताचा निवाडा अंतिम. यावर तुम्ही काय म्हणाल याचा मला साधारण अंदाज आहे. तरी फोन करा.

तुमचा,
२१४ फायलींचा श्रोता