अंजदीवची हकीगत सांगणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आमच्या वर्गात येऊन तुम्ही अंजदीव बेटाची हकीगत सांगितलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुमच्यासारखे निवृत्त नौसैनिक इतर शाळांनीही बोलावून घ्यावेत, असं मला फार वाटतं.

अंजदीव आमच्याच काणकोण तालुक्यातलं. तरी दर १९ डिसेंबरला आम्ही झेंडावंदन करतो, भाषणं करतो आणि दीड-दोन दिवसांत गोवा मुक्त झाला, एवढं सांगून मोकळे होतो. आदल्याच दिवशी, १८ डिसेंबर १९६१ ला, या बेटासाठी नौदलाचे ७ जण कामी आले, १९ जखमी झाले, हे वर्गात एकालाही ठाऊक नव्हतं. याचं मला वाईट वाटतं.

तुम्ही फळ्यावर खडूनं कारवारचा किनारा काढलात, समोर ते चिंचोळं बेट. नोव्हेंबरात तिथूनच पोर्तुगीजांनी ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर गोळ्या झाडल्या होत्या. मग ‘त्रिशूल’ आणि ‘म्हैसूर’ या युद्धनौका आल्या आणि लेफ्टनंट अरुण ऑडिटो यांच्या हाताखालची तुकडी होड्यांतून निघाली. पहिली फळी उतरली. दुसरीवर गोळीबार झाला, तोही बेटावर पांढरं निशाण दिसल्यानंतर, असं सांगतात. शेवटी युद्धनौकांच्या तोफांनी मारा केला, तेव्हा बेट हाती आलं.

सहावीतल्या एका मुलीनं विचारलं, “नौदलातले ना ते? मग पाण्यात उडी का नाही मारली?” तुम्ही तिला गप्प केलं नाहीत. पायात बूट, खांद्याला रायफल, कमरेला काडतुसं. एवढं ओझं घेऊन पोहता येत नाही, आणि उघड्या होडीत आडोसा तरी कसला, हे तिला नीट समजावलंत. त्या दिवसापासून मुलं त्या सात जणांबद्दल घरातल्या माणसांसारखी बोलतात. याचं श्रेय सर्वस्वी तुमचं.

वास्कोला आयएनएस गोमंतक या नौदलाच्या ठाण्यात त्यांचं स्मारक आहे, हेही तुमच्याकडूनच कळलं. बेट आता नौदलाच्या तळात असल्यामुळे मुलांना तिथं नेता येणार नाही. म्हणून यंदापासून १८ डिसेंबरची प्रार्थना त्यांच्यासाठी म्हणायचं ठरवलं आहे. तुम्ही सातही नावं लिहून देतो म्हणालात. ती मुलं स्वतःच्या अक्षरात लिहून व्हरांड्यात लावणार आहेत. त्या दिवशी काकूंना घेऊन नक्की या.

आपली नम्र,
काणकोणची एक शिक्षिका