किल्ला नव्हे, वखार म्हणा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या ग्रँड पोर्टेजवर प्रवासलेख आला होता. लेखकाच्या मते हा फरच्या व्यापाराचा 'लाकडी किल्ला' तासाभरात बघून होतो, त्यातलं काहीच जुनं नाही आणि दोघांनी मिळून धक्का दिला तर तट पडेल. मी सध्या मिनीयापोलिसला लेकीकडे मुक्कामाला आहे. लेख वाचून तिच्या मागे लागलो आणि दोन दिवस काढून ते ठिकाण पाहून आलो. दुलुथ शहर सोडलं की 61 नंबरच्या रस्त्याने सुपिरियर सरोवर उजव्या हाताला धरून कॅनडाच्या हद्दीपर्यंत जायचं. हद्द यायच्या जरा आधी हे गाव लागतं.

पहिली गोष्ट म्हणजे हा किल्ला नाही, वखार आहे. सुरतेची वखार, राजापूरची वखार आपण शाळेत शिकलो. हा त्याच जातीचा प्रकार. मॉन्ट्रियलच्या नॉर्थ वेस्ट कंपनीचं मुख्य ठाणं 1803 पर्यंत इथे होतं. इंग्रजीत 'फोर्ट' म्हणतात म्हणून आपणही किल्ला म्हणायचं आणि मग बुरूज कुठे, तोफा कुठे म्हणून हिरमुसायचं, याला काय अर्थ आहे? मी 31 वर्षं गोदामात काढली आहेत. तो तट बघताच माझ्या लक्षात आलं की हे मालाचं कुंपण आहे. सूर्यास्ताला फाटक बंद होई. आत मालक, कारकून, वाटाडे. ओझी वाहणारे गडी बाहेर, उलट्या करून ठेवलेल्या होड्यांखाली झोपत.

आतली लाकडी प्रेस पाहून मी अर्धा तास तिथेच थांबलो. लेक दोनदा बोलवायला आली. कापसाची गाठ बांधताना पाहिलेल्या माणसाला ती समजावून सांगायची गरज नाही. बीव्हरची (पाण्याकाठी राहणारा, दाट केसांचा प्राणी) कातडी एकावर एक थप्पी लावायची, लांब दांड्याने दाबायची, दोरीने आवळायची. गठ्ठा 90 पौंडांचा, म्हणजे साधारण 41 किलो. कातड्यांच्या बदल्यात जाणारा मालही, म्हणजे ब्लँकेटं, तांब्याची भांडी, बंदुका, मणी, दारू, सगळं त्याच वजनात बांधलेलं. एकच माप ठरवल्यावर होडीत किती नग बसतील आणि किती माणसं लागतील, याचा हिशेब तोंडी करता येतो. ज्याने कोणी हे ठरवलं त्याच्या हाताखाली काम करायला मला आवडलं असतं.

आणि हा सगळा खटाटोप टोप्यांसाठी! बीव्हरच्या आतल्या लवेला सूक्ष्म काटे असतात, त्यामुळे तिचा नमदा घट्ट बसतो आणि त्याच्या टोप्या युरोपातले साहेब घालत. एके काळी तर ओजिब्वे, क्री वगैरे तिथल्या मूळ रहिवाशांनी वर्ष-दोन वर्षं अंगावर पांघरलेल्या कातड्यांना कोऱ्या मालापेक्षा जास्त भाव मिळायचा, कारण वापरून वापरून वरचे राठ केस झडलेले असत. वापरलेला माल नव्यापेक्षा महाग! माझ्या नोकरीत असं एकदाही झालं नाही. पुढे रेशमी टोप्यांची फॅशन आली आणि बीव्हरचा बाजार बसला.

आता 'काहीच जुनं नाही' याविषयी. खरं आहे, आणि तिथले लोक ते लपवतही नाहीत. 1930 च्या दशकात उत्खनन करून तटाची जागा शोधली आणि त्या रेषेवर खांब उभे केले. मोठा दिवाणखाना बांधला, तो 1969 मध्ये वीज पडून जळाला, म्हणून पुन्हा बांधला. म्हणजे पुनर्बांधणीचीही पुनर्बांधणी झाली. 1793 च्या एका कारकुनाच्या टिपणात तटाच्या आत 16 इमारती मोजल्या आहेत. आज मोजक्याच उभ्या आहेत, बाकीची जागा मोकळी. मला ते पटलं. ठाऊक नाही तिथे हौसेने भिंती उभारण्यापेक्षा गवत राहू दिलेलं बरं.

लेखात मात्र एक गोष्ट अजिबातच नव्हती, आणि खरं तर तिच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो. ओजिब्वे लोकांचा उल्लेख 'स्थानिक आदिवासींकडून फर घेत' एवढ्या अर्ध्या वाक्यात उरकला आहे. अहो, ती जमीन त्यांची आहे! आजूबाजूचा सगळा मुलूख 1854 च्या तहाने ठरलेलं ग्रँड पोर्टेज राखीव क्षेत्र आहे, आणि वखारीच्या या राष्ट्रीय स्मारकासाठी जागा दिली ती इथल्या ओजिब्वे गटाने, 1958 मध्ये. 1999 पासून स्मारकाची देखभालही करारानुसार तेच करतात. आम्हाला माहिती देणारी मुलगी त्याच गावची होती. तटाबाहेर झाडाच्या सालीची झोपडी उभारलेली आहे, तिथे ती बर्चच्या सालीचा तुकडा हातात घेऊन होडीचा सांधा दाखवत होती: स्प्रूसच्या मुळ्यांनी शिवायचा आणि वरून त्याच झाडाचा डिंक चरबीत शिजवून भरायचा. मी बोटाने दाबून पाहिलं, वास अजून हाताला आहे. 36 फुटांची होडी अशीच शिवलेली असे आणि चार टन माल न्यायची. होडी यांची, रस्ता यांचा, खाण्यातला जंगली तांदूळ आणि मेपलची साखरही यांची. कंपनीची काय ती खातेवही.

पुरवणीत धबधब्याचा फोटो वेगळ्या चौकटीत 'जवळचं निसर्गस्थळ' म्हणून छापला आहे. तीही गंमतच झाली. पिजन नदीचा तो 120 फुटी धबधबा आहे म्हणून तर ही वखार तिथे आहे! नदीच्या शेवटच्या वीसेक मैलांत असे धबधबे आणि खळाळ आहेत की होडी चालणंच शक्य नाही. म्हणून सामान उतरवून साडेआठ मैल डोंगरातून पाठीवर वाहायचं आणि वरच्या अंगाला पुन्हा नदीत उतरायचं. ओजिब्वे भाषेत या जागेचं नाव गिची ओनिगामिंग, म्हणजे ओझी वाहून नेण्याची मोठी जागा. गोरे व्यापारी यायच्या कितीतरी आधीपासून ही वाट आहे, आणि ती आजही चालता येते. ती कुणी नव्याने बांधलेली नाही.

तिथे एक गठ्ठा उचलून बघायला ठेवला होता. चामड्याचा पट्टा कपाळावर घ्यायचा, गठ्ठा कमरेच्या वर टेकवायचा आणि पुढे वाकायचं. मी पट्टा कपाळाला लावला, मान ताठ केली आणि मुकाट्याने खाली ठेवला. गडी असे दोन घेत. अलेक्झांडर मॅकेन्झी या कंपनीच्या भागीदाराने लिहून ठेवलंय की काही जण दोन गठ्ठे घेऊन पलीकडे जात आणि दुसरे दोन घेऊन सहा तासांत परत येत. असेलही. पण हा मालकाने लिहिलेला हिशेब आहे, हमालाने लिहिलेला नव्हे, एवढं मी अनुभवाने सांगतो.

आमच्या पाठीवर पाण्याची बाटली आणि दोन केळी. वाट तटाला लागूनच सुरू होते, चढत राहते, मधे मधे चिखल, आणि कानाभोवती काळ्या माश्या इतक्या की बोलायला तोंड उघडण्याची सोय नाही. जाणाऱ्यांनी जाळीची टोपी घेऊन जावी, हे तरी लेखात हवं होतं. 1842 च्या तहात अमेरिका आणि ब्रिटनने ही वाट दोन्हीकडच्या नागरिकांना खुली राहील असं लिहून ठेवलं आहे. मी दोहोंपैकी कुठलाच नाही, तरी मला कोणी अडवलं नाही. अडवलं ते उजव्या गुडघ्याने, दुसऱ्या मैलाच्या अलीकडेच.

आपला,
एक सेवानिवृत्त गोदाम अधीक्षक
(सध्या मुक्काम मिनीयापोलिस)