नातवाच्या शाळेतल्या पाळ्यांविषयी

मेलबर्न,
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई यांच्या चरणी साष्टांग नमस्कार.

आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. मागच्या फोनवर बाबा फारसे बोलले नाहीत, आणि नंतर दादाने सांगितले की नातवाच्या शाळेवरून तुम्हा दोघांच्याही मनात बऱ्याच शंका आहेत. फोनवर अशा गोष्टींची उत्तरे अर्धवट राहतात, म्हणून निवांत बसून लिहितो आहे. दादाने हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवावे.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या नातवाला आम्ही वसतिगृहात टाकलेले नाही. तो रोज संध्याकाळी घरी येतो आणि आमच्याबरोबरच जेवतो. त्याने जे ‘माझे हाऊस’ म्हणून सांगितले, ते मामांच्या मुलाला अमरावतीच्या नवोदयमध्ये होते तसेच सदन, म्हणजे शाळेतल्या मुलांचा एक गट, आहे. १९८५-८६ मध्ये देशात सर्वांत आधी जी दोन नवोदय विद्यालये निघाली, त्यांतले एक आपल्या अमरावतीचे, आणि तेथे अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी ही सदने आहेत हे बाबांना पाठ आहे. ही पद्धत मूळची इंग्लंडमधल्या निवासी शाळांची. तेथे मुले खरोखरच वेगवेगळ्या घरांत राहत असत, आणि पुढे दिवसाच्या शाळांनीही ती उचलली. नातवाच्या शाळेत सातवीपासून बारावीपर्यंतची मुले एकाच हाऊसमध्ये मिसळलेली असतात. रोज सकाळी तासांच्या आधी ती लहान लहान गटांत आपल्या शिक्षकांपुढे बसतात, आणि एकदा मिळालेले हाऊस शाळा सुटेपर्यंत बदलत नाही.

मोठी मुले लहानांना त्रास देत असतील, ही आईची काळजी मला समजते. इंग्लंडच्या जुन्या शाळांत लहान मुलांना मोठ्यांची खासगी कामे करावी लागत, हे खरे आहे, पण तो प्रकार आता राहिलेला नाही. गेल्या सत्रात हाऊसच्या समूहगायनाची स्पर्धा झाली. तीत हाऊसमधल्या प्रत्येक मुलाने रंगमंचावर उभे राहायचेच असते, गळा असो वा नसो. घरी गजानन महाराजांच्या आरतीपलीकडे कधी न गायलेला आपला मुलगा तिसऱ्या ओळीत ताठ उभा होता. त्याच्या मागे बारावीतला एक उंच मुलगा उभा होता आणि तो गाता गाता एका बोटाने याच्या खांद्यावर हलकेच ठेका धरत होता. दुसऱ्या कडव्यापासून याचे ओठ बरोबर हलू लागले. त्यांचे हाऊस जिंकले नाही. परंतु त्या रात्री तो गाडीत न विचारता बोलत राहिला, आणि मेलबर्नला आल्यापासून असे प्रथमच घडले.

आता पोलिसांच्या चौकशीविषयी. शाळेच्या कामासाठी माझी तपासणी झाली, असे सूनबाईने वहिनींना सहज सांगितले, आणि त्याचा गावात भलताच अर्थ निघालेला दिसतो. माझ्यावर कोणताही आरोप नाही. व्हिक्टोरिया राज्यात मुलांच्या सहवासात काम करणाऱ्यांची, मग ती पगारी असोत वा सेवा म्हणून येणारी, सरकार पार्श्वभूमी तपासते आणि कार्ड देते. सेवेकऱ्यांना त्याचा खर्च पडत नाही आणि ते पाच वर्षे चालते. कायद्याने पालकांना काही ठिकाणी सूट आहे, पण आमच्या शाळेने सर्वांनाच कार्ड काढायला लावले, आणि मला ते योग्य वाटले. २०१३ ते २०१७ या काळात येथे एका रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने, चर्च, शाळा आणि अनाथालये यांतून मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांची चौकशी केली. कित्येक संस्थांनी अशी प्रकरणे वर्षानुवर्षे दाबून ठेवली होती, असे तीत उघड झाले. एवढे झाल्यावर कोणी बापाजवळ कार्ड मागितले, तर त्यात अपमान कसला? शाळेतले फोटो मी का पाठवत नाही, याचेही कारण हेच आहे. दुसऱ्यांच्या मुलांचे चेहरे त्यांच्या आईवडिलांना न विचारता कोठेही पाठवायचे नाहीत, असा शाळेचा नियम आहे.

बाबा दादाजवळ म्हणाले, ‘एवढी फी भरून वर हा रस्त्यावर हात हलवत उभा राहतो.’ हे मला लागले, म्हणून सविस्तर सांगतो. हिवाळ्यात दर शनिवारी शाळांचे सामने असतात आणि त्या दिवशीची बरीच कामे पालक करतात. सत्राच्या सुरुवातीलाच एक तक्ता येतो, त्यात तासातासाच्या पाळ्या असतात आणि आपले नाव आपणच लिहायचे असते. एका पाळीत सॉसेज भाजतात. मोठ्या लोखंडी तव्यावर मांसाच्या नळ्या आणि उभा चिरलेला कांदा परततात, पावाच्या एका कापात नळी तिरपी ठेवतात, वर सॉस ओततात, आणि कागदी रुमालात गुंडाळून मुलांना विकतात. दुसऱ्या पाळीत जुने गणवेश विकायला बसतात, तिसरीत गुण आणि वेळ लिहितात, आणि सर्व संपल्यावर चौथीतली माणसे पिशव्या घेऊन मैदान झाडून काढतात. जमलेला पैसा पालक मंडळाकडे जातो आणि त्यातून वाद्ये किंवा खेळाचे साहित्य येते. कांदा परतणारे गृहस्थ शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर असतात आणि कचऱ्याची पिशवी धरणाऱ्या बाई वकील असतात. कोणी कोणाला त्याचे नवल सांगत नाही. आईने माळ घातलेली आहे हे लक्षात ठेवून मी मांसाला हात लावत नाही. मी फाटकाशी पिवळे जाकीट घालून गाड्या लावून घेण्याची पाळी मागून घेतली आहे, आणि थंडीसाठी कानटोपी व हातमोजे असतात, त्यामुळे त्याचीही चिंता नको.

बाबा, तुम्ही शेगावला सेवेच्या पाळीवर जात होता. तेथे हजारो सेवेकरी पगार न घेता पाळीपाळीने येतात. त्यांत मास्तर असतात, दुकानदार असतात, वीस एकरांचे धनीही असतात, आणि भक्तांची पायतणे सांभाळताना त्यांतल्या कोणालाही कमीपणा वाटत नाही. येथले कामही मला त्याच जातीचे वाटते. फीच्या पैशांतून शिक्षक आणि इमारती मिळतात, पण माझ्या मुलाचे नाव ठाऊक असलेली चार मोठी माणसे मिळत नाहीत. ती फाटकाशी उभे राहिल्यावर मिळाली. पूर्वी मी मुलाला सोडून गाडीतच बसून राहत असे. आता मैदानावर कोणीतरी हाक मारते, आणि नातू दिसला नाही तर कोठे आहे ते मला सांगते. या व्यवस्थेत मला एक गोष्ट मात्र पटत नाही. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका आणि शनिवारी टॅक्सी चालवणारे बाप तक्त्यात नाव लिहू शकत नाहीत, मग ते आपोआप कडेला राहतात. शिवाय ही फक्त मुलग्यांची शाळा असूनही निम्म्याहून अधिक ओझे आयाच उचलतात. मी हे पालकांच्या बैठकीत बोललो. त्यावर संध्याकाळच्या काही पाळ्या वाढवल्या आहेत.

एक पाळी संत्र्यांचीही असते. येथल्या फुटबॉलचा सामना चार भागांत खेळतात, आणि मधल्या विश्रांतीत मुलांना संत्र्याच्या फोडी देतात. ती संत्री आपल्यासारखी सैल सालीची नसतात. साल मोसंबीसारखी घट्ट चिकटलेली असते, आत बी नसते, म्हणून सालीसकट उभ्या चार फोडी कापून डब्यात भरायच्या. आदल्या रात्री सूनबाई आणि मी ओट्यापाशी उभे राहून कापत होतो. सालीच्या वासाने मला आपला बगीचा आठवला, आणि काही वेळ आम्ही दोघेही बोललो नाही. बाबा विचारतीलच म्हणून लिहितो, येथे दुकानात भाव किलोला तीन-चार डॉलर असतो. त्यातले बागायतदाराच्या हाती किती पडते, ते मला ठाऊक नाही.

शाळेत दूरच्या शेतकऱ्यांची मुलेही आहेत आणि ती मात्र खरोखर वसतिगृहात राहतात. त्यांतला नातवाच्या वर्गातला एक मुलगा कधी कधी रविवारी आमच्याकडे जेवायला येतो. त्याच्या वडिलांच्या मेंढ्या आहेत, आणि यंदा पश्चिम व्हिक्टोरियात पाऊस न झाल्याने त्यांना चारा विकत आणावा लागला. तो वरण-भात मागून घेतो, आणि जेवता जेवता मोबाईलवर आपल्या गावचा पाऊस पाहतो. त्याने मला विचारले, तुमच्या बाबांच्या बागेला पाणी आहे का? मी आहे म्हणालो. नंतर मनात आले की आपल्या संत्र्यांच्या आंबिया बहाराची फळगळ किती झाली, हे मी तुम्हाला या महिन्यात विचारलेलेच नाही. दादाने कृपा करून कळवावे.

आता धाकटीच्या लग्नाचे. स्थळ तुम्हाला पसंत आहे, तिलाही पसंत आहे, मग मला वेगळे विचारण्याची गरज नाही. देण्याघेण्याची बोलणी नकोत असे त्यांनी स्वतःहून सांगितले, याचा मला फार आनंद झाला. मुहूर्त डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला निघाला तर नातवाची शाळा त्या सुमारास सुटते आणि आम्ही सर्व येऊ. पाहुण्यांना तुळशीच्या लग्नानंतर लगेचच हवा असेल, तर मी एकटा येईन. सूनबाईने हे रडूनच मान्य केले, पण मान्य केले आहे.

जून आणि जुलैमध्ये माझ्याकडून पैसे आले नाहीत, ते शाळेच्या फीमुळे. तुम्ही एका शब्दानेही विचारले नाही, आणि त्याचेच मला अधिक वाटते. शनिवारी परक्यांच्या गाड्या लावायला मला वेळ असतो आणि तोडणीच्या वेळी कॅरेट उचलायला दादा एकटा असतो, हे मी जाणतो. लग्नखर्चासाठी बगीचा घाईने व्यापाऱ्याला उक्ता देऊ नका. बांगलादेशाने संत्र्यांवरचे आयात शुल्क वाढवल्यापासून व्यापारी आधीच भाव पाडून मागतात, आणि लग्नघर पाहिले की आणखी पाडतील. पोळ्याच्या आधी मी दादाच्या खात्यावर दीड लाख पाठवतो, त्यातून मंगल कार्यालयाचा आगाऊ आणि सोसायटीचे व्याज भागवावे. आंदणाचे आणि दागिन्यांचे पैसे दिवाळीपर्यंत येतील. ठिबकचे काम मात्र या वर्षी माझ्याच्याने होणार नाही, ते पुढच्या उन्हाळ्यात करू. तान्ह्या पोळ्यासाठी नातवाचा लाकडी बैल माळ्यावर आहे, तो दादाच्या मुलाला द्यावा. नातवाने स्वतःच तसे सांगितले आहे. पैसे जमा झाले की दादाने पावतीचा फोटो पाठवावा, आणि पत्रिका छापायला टाकण्याआधी मुहूर्त मला कळवावा, म्हणजे तिकिटे काढता येतील.

आपला आज्ञाधारक मुलगा