विमानाच्या वेळेला भागाकार चालत नाही हो

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत दूरच्या दोन शहरांची नावं देऊन खाली ‘हवाई अंतर एवढं, वेळ एवढा’ अशी चौकट येते, ती मी आवडीने वाचतो, पण त्यातला वेळ कसा काढतात ते आता कळलंय, किलोमीटरला ९०० ने भागायचं की झालं. नेटवर पण बऱ्याच ठिकाणी हाच हिशोब.

मागे भाची लंडनहून न्यूयॉर्कला निघाली तेव्हा मी असंच बघून सगळ्यांना सांगून बसलो, ५,५५० किमी आहे, सव्वासहा तासात पोचेल. सात तास झाले तरी फोन बंद, बहिणीने देव पाण्यात ठेवायचे तेवढे बाकी होते, आणि आठ तास होऊन गेल्यावर मेसेज आला की आत्ता गेटला लागलो. तिकिटावर आठ तास छापलेलेच होते म्हणे, पण ते बघतंय कोण!

मग जरा खोलात गेलो. तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो, म्हणजे रनवेकडे रांगेत सरकणं आणि उतरण्याआधी घिरट्या मारणं पण त्यातच. शिवाय वरती १०-१२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात ते, म्हणून त्याच रूटवर न्यूयॉर्कहून लंडनला येताना तासभर कमी लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन एक जंबो तर ४ तास ५६ मिनिटांत आलं होतं! आता सांगा, चौकटीत एकच आकडा टाकून कसं भागेल?

अंतराचं पण तसंच आहे. सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका, पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, लंडन ते लॉस एंजेलिस दोरा चक्क ग्रीनलंडवरून जातो, मला आधी खोटंच वाटलं. पण दोऱ्याला देशांच्या भानगडी कळत नाहीत ना. २०२२ मध्ये रशियाने युरोपियन कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं तेव्हापासून हेलसिंकी-टोकियो, जे साडेनऊ तासात व्हायचं, त्याला तेरा तास लागायला लागले, एकतर उत्तर ध्रुवाकडून जा नाहीतर दक्षिणेकडून लांबचा वळसा घ्या. दोन्ही शहरं मात्र होती तिथेच आहेत.

आणि घड्याळाचा घोळ वेगळाच. टोकियोहून संध्याकाळी पाचला निघालेला माणूस दहा तास उडून लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या सकाळी उतरतो, ते वाचून आमच्या घरी अर्धा तास भांडण झालं, शेवटी कागदावर मांडून दाखवावं लागलं.

तर एवढंच करा, जायचा वेळ वेगळा, यायचा वेळ वेगळा द्या, आणि तो भागाकार न करता टाईमटेबलमधून घ्या. जागा कमी पडत असेल तर तो विमानाचा फोटो जरा लहान करा.

तुमचा एक जुना वाचक