तोफ डागणार कुणावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायबर हल्ला करणाऱ्यांवर आपणही असा उलटा हल्ला चढवावा की पुन्हा कुणाची छाती होऊ नये, असे गेल्या आठवड्यात एका वाचकाने आपल्या पत्रव्यवहारात लिहिले आहे. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर सव्वीस वर्षे दिवाणजी आहे. चार वर्षांपूर्वी ऐन सौद्यांच्या दिवसांत सकाळी संगणक सुरू केला, तर टॅलीची एकही फाईल उघडेना. पडद्यावर खंडणीची इंग्रजी चिठ्ठी. बॅकअपची हार्डडिस्क कायम संगणकालाच जोडलेली, त्यामुळे तिलाही कुलूप. माझ्या घरच्या कपाटात एका पेनड्राइव्हवर दोन महिन्यांपूर्वीची प्रत निघाली. पुढचे सगळे पावत्या समोर घेऊन रात्री जागून भरले. चोर आला कुठून? जीएसटीचे काम घरून करता यावे म्हणून आम्हीच उघड्या ठेवलेल्या रिमोट डेस्कटॉपमधून, म्हणजे दुरून संगणक चालवायच्या सोयीतून. पासवर्ड काय, तर पेढीचे नाव आणि पुढे १२३!

या चोराला धाक घालायचा कसा? त्याचे तोंड कुणी पाहिले आहे? हल्ला ज्या संगणकातून आलेला दिसतो, तो पुष्कळदा आमच्यासारख्याच कुणा गाफील माणसाचा असतो. गोळा पडायचा तो त्याच्या गल्ल्यावर.

शिवाय असली हत्यारे बनवायची, तर विंडोजमध्ये सापडलेले भगदाड बुजवायला न सांगता गुपचूप राखावे लागते. अमेरिकेच्या एनएसए या हेरसंस्थेने तेच केले. त्या भगदाडातून शिरणारे तिचे 'इटर्नलब्लू' हे हत्यार एप्रिल २०१७ मध्ये चव्हाट्यावर आले. मे महिन्यात त्याच्याच जोरावर वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला आणि जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम थांबवले. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती वेळेत बसवली, त्यांच्या संगणकात वॉनाक्रायला त्या वाटेने शिरता आले नाही.

लष्कराने काय करावे हे लष्कराने ठरवावे, ती माझी पायरी नव्हे. पण पेढ्या, पतसंस्था, ग्रामपंचायती यांचे संगणक तपासून द्यायला तालुक्याला एक जाणता माणूस तरी नेमा. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभागात वह्या वाचल्या त्या आधीच वरच्या मजल्यावर नेणाऱ्यांच्या.

आता दर शनिवारी मी हार्डडिस्क काढून डब्याच्या पिशवीतून घरी नेतो. मालक अजून चिडवतात, "दिवाणजी, पेढी घरी निघाली काय?"

– एक दिवाणजी, मार्केट यार्ड, सांगली